एका पराधीन विषाणूची हकिकत

1965 साली नागपूर शहरात तापाची एक मोठी साथ उसळली आणि घरोघरी माणसे अंथरुणास खिळली. अंग तापाने फणफणावे, सांधे असे धरावेत की उठता-बसता दुसऱ्याचा हात लागावा, आणि ताप उतरल्यावरही सांध्यांतील ठणका कित्येक आठवडे मागे राहावा, अशी त्या दुखण्याची तऱ्हा होती. 1963 साली कलकत्त्यात आणि त्यानंतर मद्रासेकडे ज्याने कहर केला होता, तो चिकुनगुन्या नावाचा आफ्रिकेकडचा ताप हाच असावा, असा तर्क बांधणे तज्ज्ञांस कठीण नव्हते. परंतु तर्क आणि पुरावा यांत अंतर असते, आणि ते अंतर काटण्याचे साधन त्या वेळी आपल्या प्रांतात एकाच ठिकाणी होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या भागीदारीतून 1952 साली पुण्यात स्थापन झालेले विषाणू संशोधन केंद्र हे ते ठिकाण. पुढे 1978 साली तेच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले.

नागपूरहून मुंबईकडे निघालेल्या आगगाडीने वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाडची हद्द लागते, आणि हद्दीतले पहिले मोठे स्थानक धामणगावचे. साथीला जिल्ह्यांच्या शिवा ठाऊक नसतात. तीच काळी जमीन, तेच उन्हाळे, मातीच्या भिंतींचे तेच गोठे. त्यामुळे नागपूरची ही हकिकत धामणगावात बसून लिहिताना परमुलखातली वाटत नाही.

पुण्याच्या केंद्रातील रॉड्रिग्ज, पाटणकर, बॅनर्जी, भट, पावरी प्रभृती मंडळींनी त्या साथीचा छडा लावला. रुग्णांच्या रक्तात अपेक्षेप्रमाणे चिकुनगुन्याचा विषाणू मिळाला, डेंग्यूचाही मिळाला, आणि एवढ्यावर चौकशीचे कागद दप्तरी दाखल झाले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. पण दोन रुग्णांच्या रक्तातून निघालेला विषाणू या दोहोंपैकी कोणाशीच जुळेना. काचपात्रात वाढवलेल्या निरोगी पेशी तळाशी एकमेकींना चिकटून अखंड थर धरतात. असा आक्रमक विषाणू त्यांत शिरला म्हणजे एकेक पेशी आक्रसते, गोल होते, तळापासून सुटते, आणि जिथे थर होता तिथे पोषकद्रवात तरंगणारा नुसता चोथा उरतो. चिकुनगुन्या वा डेंग्यू यांच्या प्रतिद्रव्यांनी या विषाणूचे हे काम थांबेना, तेव्हा हे प्रकरण नवे आहे, असा निर्णय करण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. प्रवीण भट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी 1967 साली या विषाणूचे वर्णन प्रसिद्ध केले आणि नागपूरकडील चांदीपुरा या ठिकाणाचे नाव त्यास दिले. एरवी कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या एका ठिकाणाचे नाव अशा रीतीने जगभरच्या विषाणूंच्या यादीत चढले. त्या नावाचा त्या ठिकाणास काही लाभ झाला असेल, असे मात्र वाटत नाही.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा दिसतो. एक टोक निमुळते, दुसरे सपाट. लांबी मिलिमीटरच्या साधारण सहा-सात हजाराव्या भागाइतकी. त्याच्या पोटात आरएनएचा एकच धागा, आणि त्या धाग्यावर अवघी 5 जनुके. पाच प्रथिनांचे हे तुटपुंजे भांडवल घेऊन जो मनुष्याच्या शरीरात शिरतो, त्याने तेथे संसार थाटावा कसा, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विषाणुशास्त्रज्ञांच्या चिंतनाचा एक मोठा विषय होऊन बसला. त्याचे उत्तर शोधताना जगाने ज्याच्याकडून पुष्कळ धडे घेतले, तो विषाणू मात्र चांदीपुरा नव्हे. तो हर्पिस.

योगायोग असा की, 1965 याच वर्षी इंग्लंडमधील सायरनसेस्टर नावाच्या लहानशा गावात दवाखाना चालवणाऱ्या एडगर होप-सिम्पसन या डॉक्टराने हर्पिस कुळातील एका रोगाविषयीचा आपला प्रबंध प्रसिद्ध केला. आमच्याकडे अंगाच्या एका बाजूस पाण्याने भरलेल्या फोडांचा पट्टा उठला की नागीण झाली म्हणतात. मग गेरू लावणारा जाणता माणूस शोधला जातो, आणि नागिणीचे तोंड व शेपूट एकत्र आले तर माणूस दगावतो, या धास्तीने घरातील मंडळी रात्र-रात्र जागतात. वस्तुतः ही दोन टोके सहसा मिळतच नाहीत. फोड उठतात ते पाठीच्या कण्यालगतच्या एका मज्जागंडातून निघालेल्या मज्जातंतूच्या प्रदेशात, आणि त्या तंतूची हद्द शरीराच्या मध्यरेषेपाशी संपते. होप-सिम्पसनने सोळा वर्षे आपल्या रुग्णांच्या नोंदी ठेवून असे दाखवले की, ही नागीण बाहेरून येत नाही. लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणूच मज्जागंडात दडून बसतो आणि कैक वर्षांनी तेथूनच पुन्हा बाहेर पडतो. हाताशी मुख्यतः एका गावची वही. आणि तेवढ्यावर एका लहान गावातील डॉक्टराने जे अनुमान बांधले, ते पुढे रेणुशास्त्राने शब्दशः खरे ठरवले. माझ्या मते विसाव्या शतकातील वैद्यकाच्या इतिहासात याच्या तोडीची वही क्वचितच सापडेल.

पण हा विषाणू दडतो कसा आणि उठतो कसा, याचे उत्तर वहीत मिळणारे नव्हते. ते त्याच कुळातील दुसऱ्या विषाणूच्या, म्हणजे ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पिस सिम्प्लेक्सच्या अभ्यासातून निघाले. हा चांदीपुराच्या मानाने मोठा धनवंत. त्याच्यापाशी दीड लक्षांहून अधिक अक्षरांचा डीएनए आहे, जनुके 80 च्या आसपास आहेत, डीएनएच्या प्रती काढणारे विकरही त्याचे स्वतःचे आहे. असे असूनही पेशीच्या दारापासून तिच्या केंद्रकापर्यंत त्याचे एक पाऊल परक्याच्या मदतीवाचून पडत नाही. पेशीच्या पृष्ठावरील नेक्टिन नावाच्या प्रथिनास धरून तो आत शिरतो. पेशीतील मालवाहतुकीसाठी डायनीन नावाची जी प्रथिने सूक्ष्म नलिकांवरून चालतात, त्यांच्याच पाठीवर बसून तो केंद्रकाच्या दाराशी उतरतो. आणि जनुके वाचण्यासाठी लागणारे आरएनए पॉलिमरेझ तर त्याच्यापाशी मुळीच नसते, ते पेशीचेच वापरावे लागते. पेशीचे हे विकर परक्याचे जनुक आपण होऊन वाचील कशाला? म्हणून हा विषाणू बरोबर एक प्रथिन आणतो, त्यास व्हीपी-16 म्हणतात. हे प्रथिनही एकटे असता निरुपयोगी. पेशीतील एचसीएफ-1 आणि ऑक्ट-1 ही दोन प्रथिने त्याच्याशी संगनमत करतात, तेव्हा कुठे विषाणूची पहिली जनुके उघडतात. 1980 नंतरच्या दशकात आणि त्यापुढे अमेरिकेतील अनेक प्रयोगशाळांनी हा व्यवहार टप्प्याटप्प्याने उलगडला.

वऱ्हाडच्या वाचकास हा प्रकार समजावून सांगण्यास फार लांब जावे लागत नाही. 1853 साली निजामाने हा मुलूख कंपनी सरकारकडे लावून दिला आणि पुढे 1902 साली सालिना 25 लक्ष रुपयांच्या बोलीवर तो कायमचा इंग्रजांकडे गेला. मालकी एकाची, अंमल दुसऱ्याचा, आणि गावचा वसूल मात्र पूर्वीच्याच पाटील-पटवाऱ्यांच्या हातून. नव्या अंमलदाराने आणला तो हुकूम. हुकुमाची बजावणी करणारी माणसे आणि दप्तरे जागच्या जागी होती. व्हीपी-16 हा तो हुकूम, आणि एचसीएफ-1 हा गावचा पटवारी.

या पटवाऱ्याविषयी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील टॉमस क्रिस्टी यांच्या गटाने एक मोठी मार्मिक गोष्ट शोधून काढली. ओठांच्या त्वचेतील पेशीत एचसीएफ-1 केंद्रकात हजर असतो, म्हणून तेथे विषाणू तत्काळ फोफावतो. संवेदी मज्जापेशीत मात्र तो केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात असतो. आणि हर्पिस नेमका याच मज्जापेशींत वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. विषाणूला जागवणारी चेतना मिळाली की एचसीएफ-1 केंद्रकात शिरतो. तापानंतर ओठावर फोड का येतात, या आजीबाईच्या प्रश्नाला विज्ञानाने दिलेले उत्तर काहीसे याच दिशेचे आहे. सगळे उत्तर तेवढ्यात आटोपत नाही, परंतु विषाणूची झोप त्याच्या स्वतःच्या मर्जीवर नाही, एवढे त्यावरून निश्चित होते.

आता औषधाकडे वळू. हर्पिसवर गुणकारी ठरलेले असायक्लोव्हिर हे औषध बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत 1970 च्या दशकात सिद्ध झाले, आणि ज्या कार्यपरंपरेतून ते निघाले तिच्याबद्दल गर्ट्रूड एलियन यांना 1988 साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. त्याची खुबी अशी की, निरोगी पेशीत ते जवळजवळ निष्क्रिय असते. त्यास पहिला फॉस्फेट जोडला जातो तो हर्पिसच्याच एका विकराकडून. पुढचे दोन फॉस्फेट मात्र पेशीची विकरे जोडतात, आणि मग ते द्रव्य विषाणूचा डीएनए वाढताना मध्येच खुंटवते. म्हणजे घाव बसतो तो विषाणूने स्वतः बरोबर आणलेल्या वस्तूमुळे. हर्पिसने मेंदूत शिरून मेंदूज्वर केला, तर उपचाराविना दहांपैकी सुमारे सात रुग्ण दगावत. असायक्लोव्हिरने हे प्रमाण बरेच खाली आणले, हे 1980 च्या दशकातील स्वीडन व अमेरिका येथील चाचण्यांनी सिद्ध केले. एवढी संपन्न शिबंदी बाळगणारा विषाणू त्या संपन्नतेमुळेच हाती सापडला.

चांदीपुराची गोष्ट उलट आहे. 1967 नंतर त्याची उपेक्षा झाली असे म्हटले तरी चालेल. 1970 साली औरंगाबादेकडील वाळूमाशीत तो सापडला, पुढे आफ्रिकेतही आढळला. मध्य प्रदेशातील मेंदूच्या विकाराच्या एका रुग्णाच्या रक्तातून तो निघाल्याची नोंद 1983 साली प्रसिद्ध झाली. रक्ततपासणीवरून अनेकांना त्याचा नकळत संसर्ग होऊन गेलेला दिसत होता, आणि जो विषाणू बहुतेकांना स्पर्श करून निघून जातो त्याच्यामागे कोण लागणार? लागले ते कलकत्ता विद्यापीठातील ध्रुवज्योती चट्टोपाध्याय आणि त्यांचे विद्यार्थी. त्यांच्यापुढे रोगनिवारणाचा तातडीचा प्रश्न नव्हता. एवढ्या थोड्या सामग्रीवर हा विषाणू जनुके वाचतो कसा, हे निव्वळ कुतूहल होते. निव्वळ कुतूहलावर खर्च झालेला पैसा वाया जातो, असे मानणाऱ्या मंडळींनी पुढचा भाग लक्षपूर्वक वाचावा.

चांदीपुरा पेशीच्या केंद्रकात जात नाही. त्याचा सगळा कारभार पेशीद्रवात चालतो. जनुके वाचणारे विकर तो बरोबर आणतो, त्यास एल प्रथिन म्हणतात. परंतु हे एल पी नावाच्या जोडीदारावाचून हालत नाही, आणि पी तयार झाल्याझाल्या अपुरे असते. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे सैलेन बारिक आणि अमिय बॅनर्जी यांनी 1992 साली चांदीपुराच्या एका सख्ख्या भावंडावर, म्हणजे गुराढोरांच्या तोंडाला फोड आणणाऱ्या एका विषाणूवर, असे दाखवले होते की, पी प्रथिन जिवाणूत बनवून घेतले तर ते निरुपयोगी निघते. त्यास केझीन कायनेझ-2 या पेशीच्या विकराने फॉस्फेट जोडला की ते कामास लागते. चट्टोपाध्याय यांच्या गटाने 1997 साली चांदीपुराच्या पी प्रथिनातील ती नेमकी जागा दाखवली: 62 व्या स्थानावरील सेरीन. त्या एका स्थानी फॉस्फेट बसला नाही तर सारा कारभार ठप्प. पुढे त्यांनी याहून सूक्ष्म गोष्ट मांडली. फॉस्फेट जोडलेले पी जनुके वाचण्याच्या कामी येते. फॉस्फेट नसलेले पी आरएनएच्या आरंभीच्या तुकड्यास धरते आणि अखंड प्रत काढण्याकडे कारभार वळवते. प्रथिने करावी की प्रती काढाव्या, हा विषाणूच्या आयुष्यातील मुख्य निर्णय अशा रीतीने यजमान पेशीच्या एका विकराने बसवलेल्या फॉस्फेटवर अवलंबून राहतो.

ही शेवटची गोष्ट मांडणारा निबंध 2003 सालचा. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तेव्हाच्या आंध्र प्रदेशात लहान मुलांवर एक भयंकर संकट कोसळले. रात्री हसतखेळत जेवून निजलेले मूल पहाटे तापाने फणफणावे, उलट्या व्हाव्यात, झटके यावेत, शुद्ध हरपावी, आणि पुष्कळदा एक-दोन दिवसांच्या आत सारे संपावे. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत 329 मुले आजारी पडली, त्यांतली 183 दगावली. पुण्याच्या संस्थेतील राव, बसू, वैरागकर, गोरे, अरणकल्ले आणि त्यांचे सहकारी कामास लागले. रुग्णांच्या नमुन्यांनी पेशींचा थर पुन्हा उद्ध्वस्त केला, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती गोळीच्या आकाराची आकृती पुन्हा दिसली. अडतीस वर्षांपूर्वी याच संस्थेने नोंदवून ठेवलेला नागपूरकडचा पाहुणा तो. काही वैद्यांनी, हा मेंदूचा दाह नसून मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरील आघात आहे, असा आक्षेप घेतला आणि तो वाद काही काळ चालला. परंतु विषाणूची ओळख पक्की झाली. त्या हंगामात महाराष्ट्रातही मुले आजारी पडली. पुढल्या वर्षी गुजरातेत, आणि 2007 साली खुद्द नागपूर विभागात साथ झाली. विदर्भाचा विषाणू विदर्भात परत आला. खरे म्हणजे तो येथून कधी गेलाच नव्हता. नागपूर भागातल्या वाळूमाश्यांत तो सापडल्याची नोंद 2014 साली छापून आली.

ही वाळूमाशी दोन-तीन मिलिमीटरांची, मच्छरदाणीच्या साध्या जाळीतूनही आत शिरणारी. बसली असता पंख उभे धरते, उडते ती लहान-लहान उड्यांनी, आणि दिवसा दडते भिंतीच्या ओलसर भेगांत. शेणामातीने लिंपलेल्या गोठ्याची भिंत, खाली शेणमुताने भिजलेली भुसभुशीत माती, बाजूस रचलेल्या पऱ्हाट्या-तुराट्या: यांहून अधिक सोईची जागा तिला कोठे मिळणार? मृगाचा पाऊस पडून उकाडा आणि ओल एकत्र आली की तिचे दिवस सुरू होतात. आरोग्य खात्याचे फवारणीवाले भिंतींच्या भेगा शोधत फिरतात ते यासाठी.

औषधाचा प्रश्न मात्र तेथेच राहिला. एल हे प्रथिन विषाणूचे स्वतःचे, त्यावर मारा करणारे विश्वासार्ह औषध अद्याप वैद्यकाच्या हाती नाही. आणि ज्या केझीन कायनेझ-2 वर सारी मदार, ते तर आपल्याच पेशीत शेकडो प्रथिनांना फॉस्फेट जोडण्याचे काम अहोरात्र करत असते. त्यास रोखणारी द्रव्ये कर्करोगावरील उपचार म्हणून मानवी चाचण्यांपर्यंत पोचली आहेत, परंतु बेशुद्ध पडलेल्या चार वर्षांच्या मुलाच्या अंगात ती घालण्याचे धाडस कोण करील? उसनी वस्तू मोडली तर नुकसान धन्याचे होते. हर्पिसच्या बाबतीत असा प्रयत्न प्रयोगशाळेत यशस्वी झाला आहे: एचसीएफ-1 च्या जोडीने काम करणाऱ्या एलएसडी-1 या पेशीच्या विकरास अडवले, तर विषाणूची वाढ आणि त्याचे पुन्हा जागे होणे दोन्ही थांबतात, असे क्रिस्टी यांच्या गटाने 2009 साली दाखवले; आणि त्यासाठी वापरलेले एक द्रव्य खिन्नतेच्या विकारावर कित्येक दशके दिले जाणारे औषध होते. यजमानाच्या बाजूने वाट अडवता येते, एवढे त्यातून निष्पन्न झाले. चांदीपुरासाठी ती वाट अद्याप कोणी रुग्णाच्या खाटेपर्यंत नेलेली नाही, लसही नाही, आणि ज्याला वेळ लागतो असा कोणताही उपाय एका दिवसात उरकणाऱ्या या रोगाच्या गतीस गाठील की नाही, याची मला शंका आहे.

2024 च्या जून ते ऑगस्टमध्ये देशात मेंदूज्वराचे 245 रुग्ण नोंदले गेले. 82 मृत्यू झाले आणि 64 जणांत चांदीपुरा निश्चित झाला, त्यांतले बहुतेक गुजरातेतले. वीस वर्षांतील ही सर्वांत मोठी साथ. धामणगाव तालुक्यातले तापाने झटके आलेले मूल अमरावतीस नेले काय किंवा नदीपलीकडे सेवाग्रामास नेले काय, वैद्य प्रथम झटके थांबवतात, श्वास सांभाळतात, मेंदूवरील सूज उतरवण्याचा यत्न करतात, आणि पाठीच्या कण्यातील पाणी व रक्त तपासणीस पाठवून निदान हाती येण्यापूर्वीच बहुधा असायक्लोव्हिर सुरू करतात. कारण दुखणे हर्पिसचे निघाले तर गेलेला प्रत्येक तास महागात पडतो. पुण्याहून चांदीपुराचा अहवाल आला म्हणजे ते औषध बंद होते आणि बाकीचे उपचार होते तसे चालू राहतात.